नाहूरच्या घराचं गाऱ्हाणं

माझ्या भावोजींशी भांडून दाखवील असा माणूस मुंबईत अजून जन्माला यायचा आहे. माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईनं, लग्नानंतर सुरुवातीला मनापासून प्रयत्न केला आणि मग नाद सोडला. भावोजी शांत किंवा सोशिक आहेत असं कुणी समजू नये, ते अखंड बोलतात. पण समोरचा माणूस चिडला की त्यांना त्याच्याविषयी एकदम इतकं कुतूहल वाटायला लागतं की भांडण बिचारं बाजूलाच राहतं. एकदा कुर्ल्याला मीटरवरून वाद होऊन एका रिक्षावाल्यानं त्यांना आईवरून शिवी हासडली. भावोजींनी त्याला विचारलं, "तेरी माँ किधर रहती है रे? इधर, के गाँव में?" आता हाणामारी होणार म्हणून मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं बघतो तर रिक्षावाला मोबाइलवर आईच्या मोतीबिंदूचे रिपोर्ट दाखवतोय आणि भावोजी त्याला कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते समजावून सांगतायत. मीटरचे पैसे शेवटी मी दिले. ते दोघंही विसरले होते.

अंधेरीच्या एका पंख्यांच्या कारखान्यात भावोजींनी सगळी नोकरी काढली. त्यांचं काम जगावेगळं होतं. तयार झालेला पंखा सुरू करायचा आणि डोळे मिटून त्याचा आवाज ऐकायचा. कुठे घरघर आहे, कुठे घासतंय, कुठे पातं अंग चोरतंय, ते सांगायचं. खोट असेल तर पंखा मागे जायचा. आवाज स्वच्छ असेल तर भावोजी त्याच्या अंगावर दोन बोटं टेकवत आणि म्हणत, "जाऊ दे पुढे." मग तो पंखा खोक्यात जाई. ते निवृत्त झाले, पण त्यांचे कान काही निवृत्त झाले नाहीत. आमच्या मुलुंडच्या घरी जेवायला बसले असताना त्यांनी एकदा घास हातात तसाच धरून ठेवला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "तुमच्या फ्रिजला दम लागतोय गं." बायको हसली. त्याच आठवड्यात फ्रिज गेला आणि आतल्या पापलेटांसह गेला. माणसांनाही ते तसंच ऐकायचे. मी बायकोला ऑफिसात उशीर झाल्याची काही हकिगत सांगायला लागलो की कोपऱ्यातून भावोजींचा आवाज यायचा, "बेअरिंग घासतंय रे!" अशा माणसाला जेवायला बोलवायचं म्हणजे धाडसच. पण आम्ही बोलवतो, कारण ते आले नाहीत तर घर उगीच सुनं वाटतं.

भावोजी आणि ताई वाकोल्याला तिसऱ्या मजल्यावर राहायचे. इमारतीला लिफ्ट नाही, आणि जिना असा उभा की चढताना पुढच्या माणसाच्या टाचा आपल्या नाकाशी येत. ताईचे गुडघे गेले आणि त्या जिन्यानं तिचं जगच बंद करून टाकलं. डॉक्टरकडे न्यायचं तर शेजारचे चौघं तिला खुर्चीत बसवून खाली उतरवत. ताई अंगानं भरलेली, त्यातून स्वभावानं भिडस्त. प्रत्येक वळणावर ती त्या चौघांची माफी मागे आणि परत आल्यावर त्यांच्या घरी लाडू पाठवी. खुर्ची उतरताना ती डोळे घट्ट मिटून घ्यायची, ते बघून मला रडू यायचं. तिची इच्छा तरी केवढी! एकदा आपल्या पायांनी घराबाहेर पडायचं, कुणाला न सांगता, कुणाची वाट न बघता. "लांब कशाला रे," ती म्हणायची, "कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणली तरी चालेल मला." म्हणून वाकोल्याचं घर विकून तळमजल्यावरचं घर घ्यायचं ठरलं, आणि भावोजींच्या घरशोधणीला सुरुवात झाली.

लोक घर बघायला जातात तेव्हा पाण्याची वेळ विचारतात, पार्किंग विचारतात. भावोजी आत शिरत, चपला काढत आणि हॉलच्या मधोमध जमिनीवर आडवे होऊन डोळे मिटत. घर ऐकायचं म्हणजे असंच ऐकायचं, हा त्यांचा सिद्धांत. वरच्या मजल्यावरचा मिक्सर, भिंतीतली पाण्याची लाइन, शेजारच्यांची भांडणं, सगळं म्हणे जमिनीतून कळतं. एजंटची मात्र पंचाईत व्हायची. "काका, उठा ना, माणसं राहतात इथे!" घाटकोपरला एका घरातल्या आजींना वाटलं, हे चक्कर येऊन पडले. त्यांनी तत्परतेनं कांदा फोडून भावोजींच्या नाकाला लावला. ते घर पसंत पडलं नाही, पण त्या कांद्याचं कौतुक ते अजून करतात.

नाहूरचं घर मिळालं ते याच खोडीमुळे. कोकणातून गिरण्यांत आलेल्या आणि गिरण्या बंद पडल्यावर मिळेल त्या कामाला लागलेल्या लोकांची ती जुनी सोसायटी होती. तळमजल्यावरच्या घरात परब नावाचे विधुर गृहस्थ एकटे राहत. घर विकून त्यांना गावी जायचं होतं. भावोजी नेहमीप्रमाणे हॉलमध्ये आडवे झाले. परबांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. आतून उशी आणून त्यांच्या डोक्याखाली सारली, शेजारी चटई अंथरली आणि स्वतःही आडवे झाले. दोघं बघता बघता घोरायला लागले. मी आणि एजंट बाहेर पायरीवर एकमेकांकडे बघत बसून राहिलो. चहाच्या वेळेला दोघं उठले तेव्हा व्यवहार ठरला होता. परतताना भावोजी मला म्हणाले, "आवाज ऐकलास त्याचा? स्वच्छ. असा माणूस शब्द मोडत नसतो."

रीतसर करारनामा झाला, त्याची नोंदणी झाली. तो गठ्ठा घरी आणून भावोजींनी त्याचं पारायण सुरू केलं. संध्याकाळी हातपाय धुऊन पाटावर बसायचं आणि ताईला एकेक कलम वाचून दाखवायचं. करार इंग्रजी, तोही वकिली इंग्रजी, त्यामुळे ताईला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण मधूनमधून तिनं "हूं" म्हणायचं अशी सक्ती होती. घराचा ताबा कोणत्या तारखेला मिळणार ते कलम आलं की भावोजी कागदाला हात लावून कपाळाला लावत. तीच तारीख धरून त्यांनी वाकोल्याचं घर घेणाऱ्या जोडप्यालाही शब्द दिला होता. सकाळी वाकोल्याची किल्ली द्यायची, दुपारी नाहूरची घ्यायची. ताईनं तर मनातल्या मनात कोथिंबीर आणायची पिशवीसुद्धा ठरवून ठेवली होती.

आणि परबांचा फोन आला. शेजारची सोसायटी पाडून तिथे टॉवर होणार अशी बातमी पसरली होती आणि सगळ्या गल्लीच्या अंगात वारं शिरलं होतं. परब म्हणाले, व्यवहार रद्द समजा, तुमचं टोकन परत घेऊन जा. मी तिथेच बसलो होतो. माझं डोकं असं फिरलं की फोन हिसकावून मी त्यांना चार शब्द सुनावणार होतो. भावोजींनी हातानं मला थांबवलं, फोन स्पीकरवर टाकला आणि डोळे मिटून ऐकत राहिले. फोन बंद झाल्यावर म्हणाले, "पंखा तोच आहे रे, पण रेग्युलेटर दुसराच कोणीतरी फिरवतोय." मी म्हणालो, "भावोजी, त्यानं आपल्याला फसवलंय!" त्यावर ते विचारात पडले आणि म्हणाले, "एकटा राहतो तो. जेवला असेल का आज?" बाहेर खेळणाऱ्या पोरांचा आवाज ताईला आवडायचा, तरी आतल्या खोलीत तिनं उठून खिडकी लावून घेतली. मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी भावोजींना ओढत मुलुंडला माझ्या वकील मैत्रिणीकडे नेलं. आम्ही कॉलेजात एका बाकावर होतो. तिचे वडील जालन्याकडून मुंबईत आले, पोरीनं कायदा शिकायचाच असा त्यांचा हट्ट, आणि पोरगी अशी निघाली की समोरचा वकील तिला बघून आधी पाणी पितो. तिनं करार वाचला आणि सांगितलं, "काका, नोंदणी झालेला करार असा एका फोननं मोडत नाही. टोकन परत घ्यायचं नाही. घेतलंत तर तुम्हीच व्यवहार सोडला असं होईल. आधी नोटीस देऊ, ऐकलं नाही तर करार पुरा करून द्या म्हणून दावा लावू. पण कोर्ट सगळ्यात आधी विचारणार, घेणारा स्वतः तयार होता का? म्हणून ताब्याच्या तारखेला तुम्ही सगळं घेऊन तयार होता, हे दिसलं पाहिजे. बँकेचा ड्राफ्ट काढून ठेवा." भावोजींनी विचारलं, "दावा चालतो किती?" तिनं करार मिटून ठेवला. "खोटं नाही सांगत काका. वर्षं जातात." भावोजी म्हणाले, "आमच्या हिचे गुडघे थांबतील का गं तेवढे?" त्या पोरीनं पेन उचललं. आणि नोटीस अशी कडक लिहिली की वाचून मलाच परबांची दया आली.

नोटीस रजिस्टर टपालानं पाठवायची होती. भावोजींनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली, ती तिथेच राहिली. मी रोज विचारायचो, ते रोज उद्या म्हणायचे. त्याऐवजी हा गृहस्थ खारदांड्याला जाऊन सुके बोंबील घेऊन आला आणि नाहूरला परबांच्या दारी गेला. परबांनी आतून कडी काढली नाही. भावोजींनी पिशवी दाराच्या कडीला अडकवली आणि परत आले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. कडीला तीच पिशवी, धुऊन, आणि तिच्यात एक सोललेला नारळ. भावोजी तो नारळ घेऊन थेट वकिलीणबाईंच्या ऑफिसात. "बघ! रिकामी पिशवी परत नाही पाठवली त्यानं. माणूस शाबूत आहे." कोकणातल्या घरातून शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही, दोन कडीपत्त्याची पानं तरी त्यात पडतात, हे मलाही ठाऊक होतं. पण वकिलीणबाईंनी कपाळावर हात मारला. "काका, नारळ पुरावा म्हणून दाखल करता येत नाही. आणि नोटीस गेली का?" भावोजी म्हणाले, "जाते, जाते." मी त्यांच्या खिशाकडे बघितलं. नोटिशीचा कोपरा वर आला होता.

तारीख जवळ आली तशी माझी झोप उडाली. मी म्हणालो, निदान वाकोल्याच्या त्या जोडप्याला तरी थांबवा, घर रिकामं करू नका, नाहीतर रस्त्यावर याल. भावोजी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवून बोलले. "मी माझा शब्द मोडायचा आणि त्याला म्हणायचं तू पाळ? कुठल्या तोंडानं जाऊ रे त्याच्या दारात?" मग लगेच आवाज उतरवून म्हणाले, "आणि तुझं घर आहे ना मुलुंडला. रस्त्यावर कसे येऊ?"

ताब्याच्या दिवशी सकाळी वाकोल्याची किल्ली दिली. ताईची खुर्ची शेवटची खाली उतरली. चौघांनाही रडू आवरेना, त्यामुळे या वेळेला ताईच त्यांची समजूत घालत होती. दुपारी आमचा टेम्पो नाहूरच्या त्या फाटकातून आत शिरला. वर कपाट, गाद्या, डबे, पितळी घंगाळ. तयार असल्याचं दिसलं पाहिजे, असं वकिलीणबाई म्हणाल्या होत्या, आणि भावोजींनी ते इतकं मनावर घेतलं होतं की अंगात लग्नातला कोट चढवला होता. वकिलीणबाई साक्षीला आल्या होत्या. टेम्पो बघून म्हणाल्या, "मी ड्राफ्ट आणा म्हटलं होतं रे, घंगाळ नाही." परबांचं दार बंद. ताईला आम्ही अंगणात खुर्चीवर बसवलं. मी दार बडवायला निघालो तर भावोजींनी मला मागे खेचलं. "आधी देवाला सांगू दे."

अंगणात वडाखाली एक छोटी घुमटी होती. भावोजींनी तिच्यापुढे तोच नारळ ठेवला, परबांच्या घरचा, आणि हात जोडून, गावच्या मंदिरात घालतात तसं गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वेशीच्या देवा म्हाराजा!"

मी कसनुसा होऊन एकटाच पुटपुटलो, "व्हय म्हाराजा." वरच्या गॅलरीत दोन म्हाताऱ्या येऊन उभ्या राहिल्या.

"आज ही तुझी लेकरा नारळ घेवन तुझ्या पायाकडे उभी आसत, ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हाताऱ्यांनी वरून साथ दिली. गाऱ्हाणं ऐकलं आणि तोंडून 'व्हय' निघालं नाही असा कोकणी माणूस नाही. एकेक दार उघडायला लागलं.

"ह्या घरातसून जो जातलो तेका सुखान जावंदे, जो येतलो तेका सुखान येवंदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळं अंगण बोलत होतं.

"आणि कोणाच्या तोंडातसून शब्द गेलो आसात, तर तो खरो करूची तेका बुद्धी दी, बळ दी, रे म्हाराजा!"

"व्हऽऽय म्हाराजा!"

हा आवाज सगळ्यांच्या वर चढला. भरदार, सरावलेला, गावच्या जत्रेत वर्षानुवर्षं कमावलेला. परबांचं दार उघडं होतं आणि उंबरठ्यावर बनियनमध्ये परब उभे होते. हात जोडलेले, डोळे मिटलेले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी डोळे उघडून खुर्चीतल्या ताईकडे पाहिलं आणि ते उंबरठ्यावरच मटकन बसले.

भावोजी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. परब हळूच मुलाचं सांगायला लागले, "झील म्हणता, बाबा, तुम्ही गप ऱ्हवा, भाव वाढतलो. म्हातारपणी तेच्याच जिवार ऱ्हवचा आसा माका. आता सगळ्यांसमोर देवाक व्हय म्हटलंय. तेका काय सांगू?" भावोजींचा हात खिशाकडे गेला आणि ती नोटीस बाहेर आली, टपाल न बघितलेली. "ही घ्या. मुलाला हे पाठवा. म्हणावं, ऐकत नाहीत, कोर्टात खेचतायत, माझा नाइलाज आहे. एकदम कडक आहे, मला स्वतःला वाचून घाम फुटला होता." परबांनी नोटीस वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. बुडत्याला फळी मिळावी तशी त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती. तिथूनच त्यांनी मुलाला फोन लावला. मुलगा बराच वेळ बोलत होता. परब शेवटी एवढंच म्हणाले, "बाबू, मी व्हय म्हटलंय. आणि नोटीसय इली हा." भावोजींनी माझ्या कानात सांगितलं, "आता घासत नाही बघ." वकिलीणबाई म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. माझी नोटीस मिळाली म्हणून विरुद्ध पार्टी आभार मानतेय." आणि पोच म्हणून परबांची सही घ्यायला त्या विसरल्या नाहीत.

परबांची बांधाबांध मात्र झालेली नव्हती, आणि भावोजींनी ती होऊही दिली नाही. पुढचे कितीतरी दिवस परब त्याच घरात होते. ताई त्यांना तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं करून वाढायची आणि दुपारी हॉलमध्ये दोन म्हातारे दोन चटयांवर घोरायचे. ते गावी गेले त्या दिवशी भावोजी लहान मुलासारखे रडले. अजूनही कुणी गावाहून येणारं असलं की परबांकडून ती पिशवी येते आणि इथून भरून परत जाते. शेजारच्या टॉवरचं पुढे काही झालं नाही, पत्रे लावून ठेवलेत नुसते.

आता भावोजींना ऐकू येईनासं झालंय. पंख्यांनीच खाल्ले असतील त्यांचे कान. मशीन आणून दिलं तर म्हणतात, यालाच घरघर आहे, आणि डबीत ठेवून देतात. मी नव्या फ्रिजची चौकशी केली तर ते परबांची तब्येत सांगतात. माझं बेअरिंग कितीही घासलं तरी आता कोपऱ्यातून आवाज येत नाही, आणि खरं सांगतो, त्यामुळे खोटं बोलण्यातली सगळी मजाच गेली.

परवा नाहूरला गेलो होतो. संध्याकाळ व्हायला आली होती. भावोजी दाराजवळच्या खाटेवर डोळे मिटून पडले होते. ही त्यांची जुनी जागा. ताई काठी टेकत दारातून, अंगणातून, फाटकापर्यंत जाते, तो आवाज ते रोज इथूनच ऐकायचे. मला वाटलं झोपलेत. तेवढ्यात म्हणाले, "निघाली का रे?"

मी खिडकीतून बघितलं. ताई हातात कापडी पिशवी घेऊन वडापाशी पोचली होती. मी त्यांच्या कानाजवळ जाऊन मोठ्यानं म्हणालो, "निघाली."

"एकटी?"

"एकटीच."

"काठीचा आवाज कसा येतोय?"

"स्वच्छ, भावोजी. एकदम स्वच्छ."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. खाटेच्या लाकडावर दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, "जाऊ दे पुढे."